पार्श्वभूमी : ॲलिगेटरच्या बरगड्या घरच्या स्वयंपाकात कशा आल्या

अमेरिकेच्या लुइझियाना आणि फ्लोरिडा या राज्यांतल्या मासळीच्या दुकानांत ॲलिगेटरच्या, म्हणजे मगरकुळातल्या तिथल्या एका प्राण्याच्या, बरगड्या गोठवलेल्या पाकिटात मिळतात, मागवल्या तर घरपोचही येतात. शेपटीच्या मांसाला गिऱ्हाईक आधीपासून होतं. बरगड्यांना ते फार उशिरा मिळालं. त्याची कारणं स्वयंपाकघरापेक्षा कातड्याच्या बाजारात आणि कायद्याच्या पुस्तकात जास्त सापडतात.

जुना काळ थोडक्यात उरकता येतो. एकोणिसाव्या शतकापासून शिकार व्हायची ती कातड्यासाठी. पोटाकडचं मऊ कातडं सोलून विकायचं, बाकीचं धड बहुतेक वेळा तिथंच टाकून द्यायचं. दलदलीच्या काठची केजन (लुइझियानातली फ्रेंच वंशाची) कुटुंबं शेपटीचे तुकडे करून टोमॅटोच्या तिखट रश्श्यात, म्हणजे सॉस पिकांतमध्ये, शिजवत. पण तो घरापुरता मामला होता. शिकार इतकी बेसुमार झाली की १९६२ मध्ये लुइझियानानं ती पूर्ण बंद केली. १९६७ मध्ये ॲलिगेटर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला आणि केंद्राच्या कायद्यातल्या १९६९ च्या दुरुस्तीनं चोरट्या कातड्याची राज्याबाहेरची वाहतूक गुन्हा ठरली. चोरीला खरा चाप बसला तो या शेवटच्या तरतुदीनं.

पुढचं पाऊल मात्र उलट्या दिशेचं होतं. सप्टेंबर १९७२ मध्ये लुइझियानानं कॅमेरून परगण्यात प्रयोग म्हणून मर्यादित हंगाम उघडला. धोक्यातल्या प्राण्याची शिकार कसली करता, असा आरडाओरडा झाला. राज्याचं म्हणणं साधं होतं. तिथली बहुतेक किनारी दलदल खासगी मालकीची आहे. मालकाला ॲलिगेटरपासून दोन पैसे मिळाले तर तो पाणथळ राखेल, नाहीतर पाणी काढून तिथं दुसरं काही करेल. म्हणून जमिनीच्या आकारावर आणि प्रतीवर ठरावीक टॅग, म्हणजे शिकारीच्या परवान्याच्या चिठ्ठ्या, द्यायचे, एका टॅगवर एकच जनावर. १९८१ पर्यंत हा हंगाम राज्यभर लागू झाला आणि १९८७ मध्ये केंद्रानं ही प्रजात सावरल्याचं जाहीर केलं. निकाल पाहता त्या आरडाओरड्यात फारसा दम नव्हता, असंच म्हणावं लागतं.

आपल्याकडे त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७५ पासून मगरींच्या संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला आणि व्यापाराचा रस्ता बंदच राहिला. त्यामुळे चिपळूणजवळच्या वाशिष्ठीत किंवा सांगलीजवळच्या कृष्णेत दिसणाऱ्या मगरीबद्दल या लेखातलं काहीही लागू होत नाही. तिला हात लावणं हा गुन्हा आहे.

लुइझियानात कातडं कायदेशीर झालं, तसा उरलेल्या धडाचा प्रश्न उभा राहिला. मांस विकायला वाट मिळाली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. फ्लोरिडात १९७८ पासून वस्तीत शिरलेले ॲलिगेटर पकडणाऱ्यांची योजना सुरू झाली. पकडणाऱ्याची कमाई मुख्यतः त्या जनावराच्या कातड्यातून आणि मांसातून निघायची, आजही बरीचशी तशीच निघते. ऐंशीच्या दशकात लुइझियानात रानातली अंडी गोळा करून शेतावर पिल्लं वाढवण्याचा धंदा वाढला. त्यांतली ठरावीक टक्के पिल्लं मोठी करून परत दलदलीत सोडायची, बाकीची साधारण चार फुटांची झाली की कापायची. रानातला माल सप्टेंबरात येतो, शेतावरचा बारमाही. दुकानदाराला बारमाही मालाचीच गरज असते.

पण हा माल ठेवायचा कुठल्या फळीवर? इथं एक निर्णय झाला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. गाय, डुक्कर, शेळी-मेंढी आणि कोंबडी यांच्या मांसाची सरकारी तपासणी अमेरिकेत सक्तीची आहे. ॲलिगेटर त्या यादीत कुठेच बसत नव्हता. मग १९९५ मध्ये समुद्री अन्नाच्या सुरक्षिततेचे नियम आले (अंमल डिसेंबर १९९७ पासून), त्यांत ‘मासा’ या शब्दाची व्याख्याच रुंद केली गेली. नेहमीचे (पर असलेले) मासे, कवचवाले जीव आणि इतर जलचर; आणि जलचरांच्या उदाहरणांत बेडूक, पाणकासव, जेलीफिश यांच्या जोडीला ॲलिगेटरचं नाव छापून आलं. पक्षी आणि सस्तन प्राणी तेवढे वगळले. सरपटणारा प्राणी कागदावर मासा झाला. मांस कापणाऱ्या कारखान्याला कोळंबीच्या कारखान्यासारखाच धोके ओळखून रोखण्याचा आराखडा तयार ठेवणं बंधनकारक झालं. दुकानात तो माल कोळंबी आणि क्रॉफिशच्या (गोड्या पाण्यातल्या शेवंडासारख्या जीवाच्या) शेजारी दिसतो, त्यामागे ही व्याख्या आहे.

याच प्रश्नाची धार्मिक आवृत्ती २०१० मध्ये गाजली. वसईतल्या कॅथलिक वाचकांना प्रायश्चित्तकाळातल्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या) शुक्रवारचा नियम सांगायला नको: मांस वर्ज्य, मासा चालतो. न्यू ऑर्लीन्सच्या एका भाविकानं आपल्या आर्चबिशपना पत्र लिहून विचारलं, शुक्रवारी ॲलिगेटर चालेल का? लेखी उत्तर आलं की चालेल, तो माशांच्या कुळात धरला जातो. पत्र सगळीकडे फिरलं. प्राणिशास्त्र जाणणाऱ्यांनी डोक्याला हात लावला, कारण मगरकुळाचे आज हयात असलेले सर्वांत जवळचे नातलग पक्षी आहेत आणि शुक्रवारी कोंबडी तर चालत नाही. मध्ययुगातल्या धर्मपंडितांचा निकषही इथं आडवा येतो. जो प्राणी जमिनीवर विसावतो आणि हवेत श्वास घेतो, तो वर्ज्य. आणि ॲलिगेटर दिवसभर काठावर ऊन खात पडलेला असतो.

तरीही उत्तर चुकीचं होतं असं म्हणता येत नाही. अमेरिकी धर्माधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनात वर्ज्य मांस म्हणजे जमिनीवरचे प्राणी आणि पक्षी. सरपटणारे आणि उभयचर त्याबाहेरच राहिले आहेत. उत्तर बरोबर, त्याला दिलेलं कारण ढिलं. सतराव्या शतकात कॅनडात बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या सस्तन प्राण्यालाही उपवासापुरता मासा ठरवलं होतं, म्हणजे ही सोय नवी नव्हती. ज्या प्रदेशात पोट पाण्यातल्या जनावरांवर भरतं, तिथं धर्म आणि अन्नखातं दोघंही सोयीची व्याख्या करतात. लुइझियानातल्या मांसविक्रेत्यांना मात्र ते पत्र म्हणजे फुकटची जाहिरात झाली. त्याच वर्षी शिकाऱ्यांवरची एक टीव्ही मालिकाही सुरू झाली आणि दलदलीत कधी न गेलेल्या लोकांना ॲलिगेटर चाखून पाहावासा वाटू लागला.

बरगड्यांचं नशीब उघडलं ते याच सुमारास. तोवर धडाचं मांस हाडावरून सोडवून सॉसेजमध्ये जायचं. रानातल्या कातड्याचा भाव घसरू लागला, तसं मांसाचा प्रत्येक तुकडा विकण्याकडे लक्ष गेलं. डुकराच्या बरगड्यांवर प्रेम असलेल्या देशात बरगड्यांचा अख्खा पट्टा वेगळा कापून देणं हा सरळ व्यापारी हिशेब होता.

मात्र डुकराच्या बरगड्यांची कृती जशीच्या तशी लावली की फसगत होते. डुकराच्या मांसात थर-थर चरबी असते, ती वितळून मांस ओलं ठेवते. ॲलिगेटरचं मांस मुळात कोरडं. जी थोडी चरबी असते तिला उग्र वास येतो, म्हणून ती आधीच काढून टाकतात. शिवाय मगरकुळात पोटाच्या बाजूलाही पातळ हाडांची एक वेगळी रांग असते. त्यामुळे पट्ट्यात कुर्चा आणि हाडाच्या काड्या बऱ्याच, मांस कमी. म्हणून घरोघरी पद्धत पडली ती ताकात किंवा दुधात मुरवून, केजन मसाला चोळून, पट्टा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून मंद आचेवर दोन-तीन तास शिजवण्याची. निखाऱ्यावर किंवा धुरावर तो शेवटी थोडाच वेळ धरायचा. काही जण आधी उकळून घेतात. मांस मऊ पडतं खरं, पण चव पाण्यात जाते. कायद्यानं मासा असला तरी माशासारखा अर्धवट शिजवून चालत नाही. साल्मोनेलाची शक्यता धरून कोंबडीसारखं आतून ७४ अंश सेल्सियसपर्यंत जायलाच हवं, आणि मंद आचेवर ते आपोआप जातं.

कॅलिफोर्नियात हा सगळा माल बंद होण्याची वेळ आली होती. तिथल्या १९७० च्या विक्रीबंदीतून ॲलिगेटरला वेळोवेळी मिळालेली सूट २०१९ अखेर संपत होती. लुइझियाना कोर्टात गेलं, बंदीला आधी तात्पुरती स्थगिती मिळाली आणि २०२३ मध्ये कायमची मनाई. व्यापार केंद्राच्या नियमांनी चालतो, राज्यानं आडवं येऊ नये, असा त्याचा अर्थ. प्राणिप्रेमी संघटनांना तो पटलेला नाही.

पाकीट घेताना ‘शेतावरचा’ की ‘रानातला’ हे विचारून घेतलेलं बरं. शेतावरच्या बरगड्या लहान आणि एकसारख्या असतात, त्यामुळे शिजायचा वेळ चुकत नाही. रानातल्यांवर मांस जास्त, पण वयानुसार चिवटपणाही वाढतो. आणि फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समधल्या ॲलिगेटरच्या मांसात पारा साठलेला आढळला आहे, त्यामुळे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी तिकडचा रानातला माल टाळावा.