औषधी पानांचे दोन तक्ते: पोषणमूल्य आणि सूक्ष्मजीवरोधक गुण यांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

औषधी वनस्पतींच्या पानांविषयीच्या आजच्या अनेक शोधनिबंधांत दोन तक्ते शेजारी शेजारी आढळतात. पहिल्यात पानांतील ओलावा, राख (जाळल्यावर उरणारा खनिज अंश), प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू आणि खनिजे यांचे प्रमाण दिलेले असते. दुसऱ्यात त्याच पानांच्या अर्काने कोणत्या जिवाणूची वाढ किती रोखली, हे मिलिमीटरमध्ये नोंदलेले असते. पान एकच असले तरी या दोन मोजमापांचा उगम एक नाही, आणि तो ठाऊक नसला की दोन्हींतील आकड्यांचा भलताच अर्थ लावला जातो.

पहिल्या तक्त्याची मुळे गोठ्यात आहेत. १८६० च्या दशकात जर्मनीतील वेंडे येथील कृषी संशोधन केंद्रात हेन्नेबर्ग आणि श्टोमान यांनी जनावरांच्या चाऱ्याची प्रत ठरवण्यासाठी पृथक्करणाची एक पद्धत बसवली. पुढे स्निग्ध पदार्थ वेगळे काढण्यासाठी १८७९ मध्ये सॉक्सलेटचे उपकरण आले आणि १८८३ मध्ये केल्डाल यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजण्याची रीत शोधली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचे, की प्रथिनांचे प्रमाण मिळते. चाऱ्यासाठी हा ठोकताळा पुरेसा होता. औषधी पानांत मात्र अल्कलॉइडांमध्येही, म्हणजे शरीरावर तीव्र परिणाम करणाऱ्या वनस्पतिजन्य द्रव्यांमध्येही, नायट्रोजन असतो, त्यामुळे ज्या द्रव्यासाठी ती वनस्पती औषधी मानली गेली, तेच या हिशेबात थोडेफार प्रथिन म्हणून जमा होऊ शकते. कर्बोदके तर बहुधा मोजलीच जात नाहीत. बाकी सारे शंभरातून वजा करून उरेल ते त्यांच्या नावे लिहिले जाते, आणि आधीच्या प्रत्येक मोजणीतली चूक तिथे साठते.

जीवनसत्त्वांचा अभ्यास या चौकटीत नंतर आला, जरी अनुभव त्याहून फार जुना होता. १५३५–३६ च्या हिवाळ्यात कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीकाठी अडकलेल्या फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए यांच्या खलाशांना स्कर्व्हीने ग्रासले, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांनी दाखवलेल्या एका सदाहरित वृक्षाच्या पानांच्या व सालीच्या काढ्याने ते बरे झाले. त्यामागचे क जीवनसत्त्व वेगळे काढता येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९४१ मध्ये फोलिक आम्लाचा अंशमात्र साठा मिळवण्यासाठी संशोधकांना सुमारे चार टन पालक वापरावा लागला, यावरून पानांतील अशी द्रव्ये किती विरळ असतात याची कल्पना यावी.

दुसरा तक्ता रुग्णालयाकडून आला. जिवाणू वाढवण्यासाठी वापरला जाणारा अगार हा जेलीसारखा पदार्थ आणि पेट्री यांनी १८८७ मध्ये मांडलेली बशी यांमुळे जिवाणूंची वाढ डोळ्यांनी पाहता येऊ लागली. १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात पेनफोल्ड यांनी टी-ट्री या तेथील झाडाच्या पानांतून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलाचा जंतुनाशक गुण तपासला. मात्र खरा वेग पेनिसिलिनच्या यशानंतर आला: बुरशीत औषध सापडते, तर हिरव्या वनस्पतींत का नाही, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. १९४३ मध्ये ऑस्बॉर्न यांनी ऑक्सफर्ड येथे सुमारे २३०० वनस्पतींची स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय या जिवाणूंवर चाचणी घेतल्याचे प्रसिद्ध केले.

१९६६ मध्ये बाउअर, किर्बी आणि सहकाऱ्यांनी कागदी चकतीची चाचणी प्रमाणित केली, ती मात्र शुद्ध प्रतिजैविकांसाठी. तीत औषध लावलेली चकती जिवाणू पसरलेल्या अगारवर ठेवतात आणि तिच्याभोवती वाढ न झालेल्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. ती पानांच्या अर्काला लावताना अडचण येते. अर्क हे मिश्रण असते, आणि पाण्यात न विरघळणारे रेणू अगारमध्ये नीट पसरत नाहीत. म्हणून चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ लहान दिसले, तर द्रव्य दुबळे आहे की ते चकतीतून बाहेरच पडले नाही, हे सांगता येत नाही. ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह गटातील जिवाणूंना बाह्य पटलाचे जादा संरक्षण असते, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध बहुतेक अर्क फिके पडतात. म्हणूनच वाढ थांबवणारी किमान संहती काढण्यावर भर वाढला. २००५ मध्ये रिओस आणि रेसिओ यांनी असे सुचवले की अर्काचे प्रमाण मिलिलीटरला १ मिलिग्रॅमच्या वर नेऊन प्रयोग करू नयेत, आणि १०० मायक्रोग्रॅमच्या आत परिणाम दिसला तरच तो विशेष लक्ष देण्याजोगा मानावा. हा निकष लावला तर बरेच गाजावाजा झालेले निष्कर्ष मागे पडतील, असे मला वाटते.

अर्क कसा काढला, यावर किती अवलंबून असते, हे आर्टेमिसिनिन या मलेरियावरील औषधाच्या कथेत स्पष्ट दिसते. १९६७ मध्ये सुरू झालेल्या चिनी मलेरियाविरोधी प्रकल्पात तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीच्या अर्कातून कधी चांगले, कधी निराशाजनक निकाल मिळत. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या नोंदीत ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घेण्याची कृती होती. उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून उष्णतेने गुण नष्ट होत असावा असा तर्क करून, सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या ईथरने पानांचा अर्क काढण्यात आला, आणि १९७१ मध्ये उंदरांतील मलेरियावर त्याने पूर्ण यश दिले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मलेरियाचा परजीवी हा जिवाणू नव्हे, हे खरे. पण पान तेच असूनही विद्रावक आणि तापमान बदलताच निकाल उलटतो, हा धडा जिवाणूंच्या चाचण्यांनाही लागू पडतो.

दोन्ही तक्ते एका निबंधात आले की एक फट बहुधा नजरेआड होते. पोषणमूल्य वाळवलेल्या पानांच्या चूर्णावर मोजतात, तर सूक्ष्मजीवरोधक गुण मेथॅनॉल किंवा एथॅनॉलच्या अर्कावर. आणि मेथॅनॉलचा अर्क कोणी खात नाही. ताज्या पानांत साधारण तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असल्याने वाळल्यावर खनिजांचे प्रमाण चार-पाच पट दिसते, म्हणून सुक्या चूर्णाची ताज्या फळाशी तुलना करणे गैर ठरते. शिवाय वाळवताना क जीवनसत्त्वाचा मोठा भाग नाहीसा होतो. टॅनिन या पानांतील तुरट द्रव्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. प्रथिनांशी व लोहाशी बांधले जाऊन ती द्रव्ये पचनास अडथळा आणतात, म्हणून पोषणाच्या बाजूने ती दोष ठरतात. आणि जिवाणूंच्या प्रथिनांशी व लोहाशी तसेच बांधले जाऊन त्यांची वाढ रोखतात, म्हणून दुसऱ्या तक्त्यात त्यांचीच गुण म्हणून नोंद होते.