चालणं आणि वजन: ही जोडी जमली कशी?

रात्री साडेनऊनंतर आमच्या सोसायटीच्या आवारात दोन प्रकारची माणसं फिरताना दिसतात. एक म्हणजे जेवण झालं म्हणून शतपावली घालणारी. त्यांना घाई नसते, हात पाठीमागे बांधलेले असतात आणि मध्येच थांबून कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाची चौकशीही होते. दुसरी म्हणजे मनगटावरच्या घड्याळात नऊ हजार चारशेचा आकडा बघून उरलेली सहाशे पावलं उरकायला निघालेली. ती गप्पा मारत नाहीत, मारल्याच तर जागच्या जागी पाय हलवत मारतात. एकाच्या डोक्यात शंभराचा आकडा, दुसऱ्याच्या डोक्यात दहा हजारांचा. गंमत अशी की हे दोन्ही आकडे जन्मले तेव्हा वजनकाटा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

शंभराचा आकडा सुश्रुतसंहितेत सापडतो. जेवल्यावर आधी राजासारखं निवांत बसावं, अन्नाचा जडपणा ओसरला की शंभर पावलं चालावं आणि मग डाव्या कुशीवर आडवं व्हावं, असा तो सल्ला आहे. शंभर पावलं म्हणजे जेमतेम साठ-सत्तर मीटर. एवढ्यानं कुणाचं पोट आत जाणार नाही आणि तसा दावाही तिथे नाही. मात्र त्याच ग्रंथात प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या लघवीच्या विकारांच्या, उपचारांत चालण्याचं एक जबरदस्त पथ्य आहे. रोगी निर्धन असेल तर त्यानं पायात वहाण न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षा मागून खात, एका गावात एकच रात्र काढत शंभर योजनं किंवा त्याहूनही अधिक चालावं. योजनाचं माप ग्रंथागणिक बदलतं, पण हिशोब साधारण हजार किलोमीटरच्या आसपास जातो. यातला ‘भिक्षा मागून खात’ हा भाग नजरेआड करू नये. लिहिणाऱ्यानं पायांबरोबर ताटाचाही बंदोबस्त करून ठेवला होता.

मधल्या शतकांत आपल्याकडे चालण्याला व्यायाम म्हणून फारसा मान नव्हता. व्यायाम म्हणजे जोर, बैठका, मल्लखांब, नमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार केला, तालमींना ठिकठिकाणी आश्रयदाते मिळाले. चालणं ही गरज होती. बाजाराला, शेतावर, शाळेला चालतच जायचं. मुद्दाम, काही काम नसताना चालायला जाणं हा पेन्शनरांचा उद्योग, आणि त्याला शब्दही ‘फिरायला जाणं’ असाच होता.

व्यायामानं वजन उतरत नाही ही तक्रार मात्र बरीच जुनी आहे, आणि ती लंडनच्या एका अंत्यविधीच्या व्यावसायिकानं लेखी करून ठेवली आहे. विल्यम बँटिंग याचं घराणं राजघराण्यातल्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहत असे. १८६२ साली त्याची उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ९१ किलोच्या पुढे होतं. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे, जिना उतरायचा तर उलटं तोंड करून. बरंच आधी एका डॉक्टर मित्रानं त्याला कामाला लागण्यापूर्वी अंगमेहनत करायला सांगितलं होतं. त्यानं होडी घेतली आणि रोज सकाळी तास-दोन तास वल्हवायला सुरुवात केली. अंगात ताकद आली, पण भूक अशी भडकली की वजन वाढतच गेलं. शेवटी तो ऐकू कमी येतं म्हणून विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेला. त्यानं पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करवले. सुमारे वर्षभरात वीसेक किलो उतरले. १८६३ मध्ये बँटिंगनं स्वखर्चानं एक पुस्तिका छापली आणि ती इतकी गाजली की त्याच्या आडनावाचंच क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत पथ्यावर राहण्याला आजही ‘बांता’ म्हणतात.

व्यायाम केला की भूक वाढते, हे त्याचं निरीक्षण नंतर जवळजवळ शंभर वर्षं बाजूला पडलं. त्याला कारण झाली कॅलरी. अमेरिकेत कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८९० च्या दशकात माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. अन्न म्हणजे जमा, हालचाल म्हणजे खर्च, अशी वहीच तयार झाली. १९५८ मध्ये मॅक्स विश्नोफ्स्की या डॉक्टरनं हिशोब मांडला की एक पौंड वजन म्हणजे ३,५०० किलोकॅलरी. किलोत सांगायचं तर सुमारे ७,७००. सत्तर किलोचा माणूस पाऊण तास झपाझप चालला तर दोन-सव्वादोनशे किलोकॅलरी खर्च होतात, त्यातल्याही काही नुसतं बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. म्हणजे कागदावर एक किलो उतरायला महिना-दीड महिना, तोही एकही दिवस न चुकवता. एका वडापावात पाऊण तासाची कमाई फस्त होते. हे गणित ज्यानं पहिल्यांदा केलं असेल, तो त्या दिवशी फिरायला गेला नसेल.

चालण्याचं नशीब उघडलं ते वजनामुळे नव्हे, हृदयामुळे. आणि त्याचं श्रेय जातं लंडनच्या दुमजली बसला.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हृदयविकाराच्या झटक्यानं मरणाऱ्यांची संख्या वाढत होती आणि कारण कुणाला कळत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरनं लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच थरातले, पगारात फार फरक नाही, राहणीही सारखी. पण ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून आणि कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. (मुंबईत बेस्टची दुमजली बस १९३७ मध्ये आली. तिच्या अरुंद जिन्यावरून गर्दीतून वर-खाली करणारा कंडक्टर ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे काम काय असतं ते वेगळं सांगायला नको.) १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: कंडक्टरांमध्ये हृदयविकार बराच कमी, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला.

टीकाकार म्हणाले, ड्रायव्हर मुळातच जाडे असतील, म्हणून मरत असतील. मॉरिस आणि सहकाऱ्यांनी यावर शोधलेला पुरावा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत आवडता वाटतो. कर्मचाऱ्यांना गणवेश मिळत असे आणि गणवेशाच्या पँटच्या कमरेचं माप कचेरीत लिहिलेलं असे. १९५६ मध्ये त्यांनी ती मापं छापली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्यासुद्धा, म्हणजे टीकेत तथ्य होतं. पण बारीक कंडक्टरची तुलना बारीक ड्रायव्हरशी आणि ढेरपोट्याची ढेरपोट्याशी केली, तरीही कंडक्टरच सुरक्षित निघाला. हालचालीचा फायदा कमरेच्या मापावर अवलंबून नव्हता. ही गोष्ट १९५६ पासून छापलेली आहे आणि तरी आपण चालण्याचा गुण पट्ट्याच्या भोकांवरून ठरवतो. स्वतः मॉरिस ९९ वर्षं जगले.

त्याच १९५६ मध्ये दुसरा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तो आपल्या देशातला होता. कलकत्त्याजवळ हुगळीकाठी चेंगाईल इथे लडलो ही तागाची गिरणी आहे. हार्वर्डचे आहारतज्ज्ञ जाँ मेयर यांनी रॉय आणि मित्रा या सहकाऱ्यांसह तिथल्या २१३ पुरुषांचं वजन, खाणं आणि कामाचं स्वरूप नोंदवलं. एकाच आवारात सगळ्या तऱ्हेची माणसं होती. दिवसभर बसून राहणारे दुकानदार, देखरेख करणारे, कारकून, यंत्रावरचे कामगार, गठ्ठे वाहणारे, कोळसा ओढणारे. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जाताना खाणं वाढत गेलं, पण वजन जवळपास तेवढंच राहिलं. जेवढे कष्ट तेवढी भूक, हिशोब चोख. गडबड होती ती अगदी बसून राहणाऱ्यांत. ते हलकं काम करणाऱ्यांपेक्षा कमी खातील असं कुणालाही वाटेल, पण ते त्यांच्याहून जास्त खात होते आणि वजनानं सर्वांत भारी होते.

याचा अर्थ दुहेरी आहे. बैठ्या माणसानं थोडं हलायला लागणं फायद्याचं, कारण मग भूक ताळ्यावर येते. पण आधीच हलणाऱ्यानं आणखी जास्त हललं तर भूकही आणखी जास्त लागते. बँटिंगची होडी इथे तागाच्या गिरणीत परत आली.

दहा हजारांचा आकडा यानंतर दहाएक वर्षांनी आला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमुळे जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याला नाव दिलं ‘मान्पो-केई’: ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘पो’ म्हणजे पाऊल, ‘केई’ म्हणजे मापक. आपल्याकडे लाखाला जसा स्वतंत्र शब्द आहे तसा जपानीत दहा हजाराला आहे, त्यामुळे कानाला गोल आणि लक्षात राहणारा आकडा. नाव आधी आलं, शास्त्र मागून धावत राहिलं. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढेनासा झाला. हा अभ्यासही आयुष्याचा होता, वजनाचा नव्हता.

वजनाशी चालण्याची गाठ घट्ट बसली ती गेल्या तीस-चाळीस वर्षांत, लठ्ठपणा वाढला तसतशी. अमेरिकेत १९९५ मध्ये रोज अर्धा तास मध्यम व्यायामाची शिफारस झाली. पण २००९ मध्ये तिथल्याच क्रीडावैद्यक संघटनेनं वजनाबद्दल वेगळं सांगितलं: आठवड्याला १५० ते २५० मिनिटं केली तर वजन वाढणं आटोक्यात राहतं, चांगलं उतरवायचं असेल तर २५० च्या वर जा. २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर यांनी टांझानियातल्या हाडझा या शिकारी समाजाचा अभ्यास केला. तिथले पुरुष दिवसाला सुमारे ११ किलोमीटर आणि बायका सहा किलोमीटर चालतात. तरी अंगकाठी लक्षात घेतली तर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च शहरी पाश्चात्त्यांइतकाच निघाला. शरीर इतर खात्यांतून काटकसर करतं, असा त्यांचा अंदाज. मनगटावरच्या यंत्रांची परीक्षा २०१६ मध्ये झाली. वजन कमी करायला निघालेल्या ४७१ तरुणांपैकी ज्यांना यंत्र दिलं त्यांचं दोन वर्षांत साडेतीन किलो उतरलं, ज्यांना दिलं नाही त्यांचं सहाच्या जवळ.

आपल्या मंडळींसाठी काट्याचा प्रश्न आणखी वेगळा आहे आणि तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रात दाखवला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. काट्याला दोघं सारखेच.

आणि तरी महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत चालण्याचा जो पूर आला, तो वजनासाठीच. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत दिवसातून दोनदा जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. व्हॉट्सअ‍ॅप गटांतून हे आकडे घरोघरी पोचले आणि सकाळी टेकड्यांवर, मैदानांवर ‘पंचेचाळीस झाली का?’ हा नमस्काराचा प्रकार झाला. ज्यांचं उतरलं ते चालण्याचं नाव घेतात. मला विचाराल तर मधल्या वेळचे चहा, बिस्किटं, फरसाण बंद झाल्याचा वाटा त्यात मोठा असावा, पण त्याचा फोटो स्टेटसला टाकता येत नाही.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूनं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आहाराचा सल्ला आणि रोज किमान अर्धा तास झपाझप चालणं, एवढंच दिलं होतं. सुमारे अडीच वर्षांनी नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर असलेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला होता, या गटात ३९ टक्क्यांना. सगळ्यांचं वजनही केलं गेलं. चालणाऱ्या गटाचं सरासरी वजन जवळजवळ होतं तेवढंच होतं.