चिखलाचे टायर, डांबराचा रस्ता

थार, जिम्नी किंवा गुरखा अशी कच्च्या वाटेवर चालणारी गाडी दारात आली की बहुतेक मालकांच्या मनात आधी टायर येतात. कंपनीने दिलेले काढायचे आणि मोठाल्या ठोकळ्यांचे, खोल खाचांचे टायर चढवायचे. गाडी त्याने रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण हीच गाडी आठवडाभर ऑफिसला जाते, शनिवारी एक्स्प्रेस-वेने लोणावळा गाठते आणि कच्च्या वाटेला वर्षातून चार-दोनदा लागते. माझ्या मते अशा गाडीच्या टायरची खरी परीक्षा घेतो तो जुलैमधला ओला ताम्हिणी घाट.

रबर रस्ता धरतं तरी कसं? डांबरातली खडी वरून सपाट दिसली तरी तिला असंख्य बारीक उंचवटे असतात. गाडीच्या वजनाने रबर त्यांच्यात दाबलं जातं आणि पुढे सरकताना चटकन मूळ आकारात येत नाही, जरासं रेंगाळतं. या रेंगाळण्यात ऊर्जा खर्च होते आणि तीच आपल्याला पकड म्हणून मिळते. शिवाय रबराचे रेणू पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटतातही. कोरड्या रस्त्यावर हे चिकटणं मोठं काम करतं, पण मध्ये पाण्याचा पातळसा थर आला की ते पार कमी होतं. म्हणून ओल्या रस्त्यावर तीन गोष्टी लागतात: रबर मऊ हवं, रस्त्याला टेकलेलं रबर जास्त हवं, आणि पाण्याचा थर फोडायला ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा हव्यात.

मड-टेरेन, म्हणजे दुकानात ज्याला एमटी म्हणतात तो चिखलाचा टायर, नेमका इथे मागे पडतो. त्याच्या नक्षीत खाचांचा वाटा फार मोठा, काहींमध्ये जवळजवळ निम्मा. रबर दगडांवर तुकडे पडू नयेत म्हणून सहसा टणक, आणि बारीक चिरा मोजक्याच. ठोकळे उंच असल्याने ब्रेक मारताना ते वाकतातही. याचा परिणाम केवढा होतो, याचं एक साधं गणित करून पाहू. समजा ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.७ आहे आणि दुसऱ्याचा ०.५. ताशी ६० किलोमीटरवरून कचकचून ब्रेक मारला तर पहिली गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबते, दुसरीला २८ मीटर लागतात. आठ मीटर किरकोळ वाटतील. पण पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथून दुसरी अजून ताशी ३२ किलोमीटरने पुढे जात असते. वळणापलीकडे दरडीचा दगड असेल किंवा गुरं बसलेली असतील, तर सगळा फरक या ३२ मध्ये आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण रबरात नसलेली पकड ते आणू शकत नाही.

एमटीचे चाहते म्हणतात, हा टायर पाणी कापतो. साचलेल्या पाण्यापुरतं ते खरं आहे. रुंद खाचांतून पाणी झटकन बाहेर पडतं, त्यामुळे चाक पाण्यावर तरंगायला लागण्याचा धोका घटतो. या तरंगण्याचा पद्धतशीर अभ्यास नासाच्या लँगली केंद्रात विमानांच्या चाकांसाठी झाला. वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांच्या १९६३ च्या अहवालातलं सूत्र आजही वापरतात. त्यानुसार ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा असलेला गुळगुळीत टायर पुरेशा खोल पाण्यात ताशी साधारण ९४ किलोमीटरला तरंगू लागतो. घाटात मात्र आपण बहुतेक वेळा या वेगाच्या पुष्कळ खाली असतो आणि रस्त्यावर डबकं नसून पाण्याचा पातळ थर असतो. तिथे खाचांची रुंदी फारशी कामाला येत नाही, मऊ रबर आणि चिरा येतात.

आवाजाचंही गणित आहे. २५५/६५ आर १८ मापाच्या टायरचा घेर सुमारे अडीच मीटर. त्यावर एका ओळीत ५० ठोकळे असले तर ताशी ८० च्या वेगाने दर सेकंदाला सुमारे ४५० ठोकळे रस्त्यावर आपटतात. हा सूर पेटीवरच्या पांढरी सहाच्या आसपासचा, आणि तो तासन् तास चालू राहतो. डांबरी रस्त्यासाठीच्या चांगल्या टायरमध्ये ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, त्यामुळे आवाज एका सुरात न घुमता विखुरतो. एमटीतही ही युक्ती असते, पण ठोकळे मोठे आणि मधली पोकळी जास्त, त्यामुळे घुमणं उरतंच. उंच ठोकळे सतत वाकतात, म्हणून इंधनही जास्त लागतं.

मग एमटी घ्यायचा कुणी? ज्याची रोजची वाट मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या मातीतून शेतावर जाते, त्याने खुशाल घ्यावा. ती माती ओली झाली की फुगते, चिकट होते आणि अरुंद खाचांमध्ये अशी भरते की टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो. एमटीच्या रुंद खाचा फिरता फिरता ती माती भिरकावून देतात. याला दुसरा पर्याय नाही.

बाकीच्यांना हवेचा दाब बदलण्याचं शास्त्र पुरतं. माणसांसह गाडी १८०० किलोची धरली तर एका चाकावर ४५० किलो येतात. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे सव्वादोन किलो. तेव्हा चाक साधारण २०० चौरस सेंटीमीटर जमिनीला टेकतं. हवा १६ पीएसआयवर आणली की हेच क्षेत्र ४०० च्या जवळ जातं. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, हीसुद्धा थोडा भार उचलते, म्हणून प्रत्यक्ष आकडे जरा कमी भरतात, पण वाळूत किंवा सैल मातीत चाक रुतायचं थांबतं ते यामुळेच. (ही करामत कोकणच्या किनाऱ्यावर मात्र करू नये. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. सड्यांवरच्या पावसाळी फुलांवरूनही गाडी घालू नये.)

एक छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच, कारण डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची असते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो आणि तापतो. एप्रिलच्या उन्हात समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर ताशी शंभरने असा टायर पळवणं म्हणजे तो फुटायची वाट पाहणं. दाब नेहमी गार टायरवर मोजावा. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो, म्हणून तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये.

शहरात राहून अधूनमधून गड-किल्ल्यांच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्याने सौम्य नक्षीचा ऑल-टेरेन, म्हणजे एटी, घ्यावा. मधल्या पट्ट्यात ठोकळे जवळजवळ असावेत आणि प्रत्येकावर बारीक चिरा दिसाव्यात. सह्याद्रीत साइडवॉल मजबूत असणं जास्त मोलाचं, कारण बसाल्टचे धारदार दगड टायरला बाजूने कापतात आणि तो काप पंक्चरवाल्याकडे नीट दुरुस्त होत नाही. गाडी कच्च्यावर उतरतच नसेल तर हायवे-टेरेन, म्हणजे एचटी. त्यात कमीपणा अजिबात नाही.

माप कंपनीचंच ठेवावं. २४५/७५ आर १६ काढून २६५/७५ आर १६ बसवला तर व्यास जवळपास चार टक्क्यांनी वाढतो. मीटर १०० दाखवतं तेव्हा गाडी १०४ ने पळत असते, आणि तेवढाच चाकाचा जोर घटतो. पुढे एक माप आणि मागे दुसरं असं तर फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये कधीच करू नये. दोन्ही अ‍ॅक्सल एकत्र जोडले गेले की वेगवेगळ्या व्यासांची ओढाताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येते.

पैसे देण्याआधी साइडवॉलवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. त्यांवरून टायर कधी बनला ते कळतं: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर नक्षी कोरी असली तरी टणक झालेलं असतं. चार टायर बदलताना स्टेपनीचाही विचार तेव्हाच करावा, कारण ती त्याच मापाची नसेल तर गडाच्या वाटेवर फोर-व्हील लावायची वेळ येईल तेव्हा ती उपयोगाची नसते.