तीन पंखांची दोन विमानं: फोकर की सोपविथ?

विमानाच्या प्लास्टिक मॉडेल किटचं खोकं हरवलेलं, सूचनांचा कागद गायब, पिशवीत नुसते स्प्रू, म्हणजे भाग अडकवलेल्या प्लास्टिकच्या चौकटी. भाचा म्हणाला, "मामा, तीन पंख आहेत म्हणजे रेड बॅरनचंच!" रामबागेतल्या घरी पेपर पसरून भाग मांडले, तेव्हा कळलं की हे रेड बॅरनचं, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिक रिश्टहोफेनचं फोकर नाही, हे तर ब्रिटिशांचं सोपविथ ट्रायप्लेन.

घोटाळा होणारच. दोन्हींत एकावर एक तीन पंख, दोन्ही बाजूंना पंख जोडणारी एकेकच रुंद दांडी, नाकात रोटरी (प्रोपेलरबरोबर स्वतःही फिरणारं) इंजिन. खोक्यावरच्या रंगावर जाऊ नका, पंख शेजारी ठेवून बघा. सोपविथचे तिन्ही सारख्याच लांबीचे आणि अरुंद. फोकर डीआर-१चे चांगले जाडजूड, वरचा सगळ्यात लांब, खालचा सगळ्यात आखूड. चाकांच्या आसाला चिमुकला चौथा पंख सापडला तर फोकरच. मशिनगन त्याच्यावर दोन, सोपविथवर बहुधा एक. फोकरचं रडर (शेपटीचं वळणारं सुकाणू) स्वल्पविरामासारखं, त्याच्यापुढे स्थिर फिन (शेपटीचा उभा पंख) नाही.

सोपविथ 1916 सालचं, फोकर 1917 सालचं. त्यामुळे फोकरने नक्कल मारली असं सर्रास म्हणतात. ते मला पटत नाही. तीन पंखांची कल्पना तिकडून आली हे खरं, पण फोकरच्या जाड पंखात आतला सांगाडाच भार पेलतो, म्हणून पंखांमध्ये ताणाच्या तारा लागत नाहीत. किट निवडताना हाच मुद्दा कामाचा. सोपविथला तारा लावाव्याच लागतात. मी स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ओढतो, केसासारखा धागा निघतो. मे महिन्यात, पंखा बंद करून, इंदुरात! घाम धाग्यावर टपकला की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून पहिलंच किट असेल तर फोकर घ्या, तेही 1/48 प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं. पंखांचा विस्तार 15 सेंटिमीटर भरतो, 1/72 मध्ये जेमतेम 10. लालच रंगवायला हवं असंही नाही. रिश्टहोफेनच्या 80 विजयांपैकी 19च या विमानावरचे, आणि बाकीची बरीच फोकर हिरवट पट्ट्यांची. अर्धवट कोरड्या ब्रशने ते पट्टे ओढण्यात खरी मजा आहे.

आमच्या सोपविथसाठी कॅनडाचा वैमानिक कॉलिशॉ याचं 'ब्लॅक मारिया' हे विमान ठरलंय, नाक आणि फिन काळं. लाल रंगाची डबी भाच्याने अजून परत दिलेली नाही.