वडापावचा दर आणि शेजाऱ्याच्या तोफा

भाची टीवायला आहे, विषय स्टॅटिस्टिक्स. रविवारी परळच्या घरी तिनं लॅपटॉपवर भारत-पाकिस्तानच्या संरक्षण खर्चाचा आलेख दाखवला. दोन्ही रेषा चढत्या, सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीनं चालतात याचं माप; 1 म्हणजे अगदी पूर्ण जोडीनं) 1 च्या अगदी जवळ. "मामा, बघ, एकानं वाढवला की दुसरा वाढवतोच!" म्हटलं, पाकिस्तानच्या जागी वडापावचा दर घालून बघ. आजीनं आठवून आठवून 2 रुपयांपासूनचे दर सांगितले. सहसंबंध पुन्हा तसाच दणदणीत.

महागाईनं सगळंच चढतं, आणि सतत चढणाऱ्या (किंवा सतत उतरणाऱ्या) कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींच्या नात्यातल्या वाटतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी 1926 मध्येच हे दाखवलं होतं: 'चर्च ऑफ इंग्लंड'मध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध 0.95! म्हणून आधी महागाई वजा करायची, मग एकूण खर्चाऐवजी दरवर्षीचा फरक बघायचा. आणि खरा प्रश्न त्यानंतरचा. भारताचा पुढच्या वर्षीचा खर्च भारताच्याच जुन्या आकड्यांवरून सांगता येतो; त्यात पाकिस्तानचे जुने आकडे मिसळले तर अंदाज सुधारतो का? ही कसोटी क्लाइव्ह ग्रेंजर यांनी 1969 मध्ये मांडली. मला ती फार आवडते, कारण ती 'कोणामुळे' असं छातीठोक सांगत नाही, 'कोणाच्या आधी कोण' एवढंच तपासते.

देशांच्या शस्त्रस्पर्धेचं पहिलं गणित मांडलं ते लुईस रिचर्डसन यांनी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवणारा हा शांततावादी माणूस. त्यांच्या समीकरणात तीनच गोष्टी: शेजाऱ्याची भीती खर्च वाढवते, स्वतःच्या खर्चाचा बोजा लगाम घालतो, जुनी अढी वेगळी भर घालते. 1909 ते 1913 मधले फ्रान्स-रशिया आणि जर्मनी-ऑस्ट्रियाचे संरक्षण खर्चाचे आकडे त्यांनी आलेखावर मांडले, तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत बसले. पण पाच वर्षांत वर्षावर्षाचे फरक चारच, म्हणून बिंदू होते फक्त चार. चार बिंदूंवर मी तरी विसंबणार नाही.

भाचीनं मग वर्षावर्षाच्या फरकांचा आलेख काढला. भारताच्या रेषेत 1962 नंतर मोठी उडी दिसली. दोन वर्षांत खर्च दुपटीहून जास्त झाला होता. ती उडी चीनच्या युद्धामुळे. तिच्या दोन देशांच्या समीकरणात चीनला जागाच नव्हती.