नाशिक महापालिकेतली कायम नोकरी : पार्श्वभूमी

नाशिक महापालिकेत नोकरभरतीचा विषय निघाला की दोन आकडे हमखास पुढे येतात. मंजूर पदं सात हजारांच्या घरात, आणि त्यातली रिकामी हजारांनी. दोन्ही खरे आहेत. पण शहर चालवायला रोज पहाटे जी माणसं बाहेर पडतात, त्यातली बरीचशी या दोन्ही आकड्यांत नसतात. घंटागाडीवर कचरा उचलणारा, सिटीलिंक बसमध्ये तिकीट फाडणारा, मुख्य रस्ते झाडणारा ठेकेदाराचा माणूस, यांच्यापैकी कुणीही महापालिकेच्या ‘पदावर’ नाही. त्यामुळे महापालिकेत कायम नोकरीची पद्धत कशी उभी राहिली, यापेक्षा ती अर्ध्यावर का थांबली, हे शोधलं तर हाती जास्त लागतं.

जुना काळ भराभर ओलांडू. नाशिकला नगरपालिका आली १८६४ मध्ये. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव, मुंबई इलाख्याचा १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा, राज्य झाल्यावर १९६५ चा नगरपालिका कायदा, हा प्रवास बहुतेकांना माहीत आहे. माणूस कुणी नेमायचा हे या कायद्यांनी सांगितलं. तो कसा पारखायचा याबद्दल मात्र ते हात राखूनच बोलले. मेन रोडवरच्या जुन्या कचेरीतली नोकरी ही ओळखीपाळखीची आणि बऱ्याचदा वारशाची गोष्ट होती. त्यात तेव्हा कुणाला वावगंही वाटत नसे.

खरी सुरुवात ७ नोव्हेंबर १९८२ ला. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आजूबाजूची वीसहून अधिक गावं एकत्र करून महापालिका झाली आणि १९४९ चा प्रांतिक महापालिका कायदा लागू झाला. या कायद्याच्या परिशिष्टात संक्रमणाची सोय आहे : जुन्या नगरपालिकेचे नोकर आपोआप नव्या महापालिकेचे होतात, पगार आणि सेवाशर्ती तूर्त जुन्याच. कागदावर हे एका ओळीत बसतं. प्रत्यक्षात तीन कचेऱ्यांच्या सेवापुस्तिका एका कपाटात आल्या की ज्येष्ठता यादीत कोण वर आणि कोण खाली, हा प्रश्न पुढची वीस-पंचवीस वर्षं, म्हणजे शेवटचा माणूस निवृत्त होईपर्यंत, जिवंत राहतो. ग्रामपंचायतीत पाणी सोडणारा शिपाई महापालिकेत कुठल्या वेतनश्रेणीत बसवायचा, याला तर कुठलाच तयार साचा नव्हता.

महापालिका झाली तरी पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली. तोवर दहा वर्षं प्रशासकाची. खाती किती, प्रत्येक खात्यात माणसं किती, हे पहिल्यांदा ठरलं ते नगरसेवक सभागृहात येण्याआधीच. पुढच्याच वर्षी, १ जून १९९३ ला, शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. प्रभाग, आरक्षण, वित्त आयोग, निवडणूक आयोग, अठरा विषयांची अनुसूची, सगळं त्या दुरुस्तीत आहे. हे अठरा विषय हाताळायला माणसं कुठून येणार, त्यावर अवाक्षर नाही. घटनेच्या ३२१ व्या अनुच्छेदाने लोकसेवा आयोगाचं काम कायदा करून स्थानिक संस्थांपर्यंत नेता येतं. मुंबईच्या स्वतंत्र कायद्यात वरच्या पदांसाठी आयोगाचा सल्ला घेण्याची तरतूद आहेही. नाशिकसारख्या महापालिकांच्या कायद्यात मात्र त्यांची आपली निवड समिती आहे.

इथे नगरपालिकांशी तुलना केलेली बरी. २००६ च्या नियमांनी नगरपालिकांतले अभियंते, लेखापाल, कर अधिकारी राज्यसेवेच्या संवर्गात गेले. सिन्नरचा नगर अभियंता मनमाडला बदलून जाऊ शकतो. महापालिकेचा अभियंता नाशिकला लागतो आणि नाशिकलाच निवृत्त होतो. एका जागी तीस वर्षं काढलेल्या माणसाला शहरातली प्रत्येक गळकी जलवाहिनी ठाऊक असते, हा फायदा. प्रत्येक ठेकेदारही ठाऊक असतो, हे दुसरं. आणि वरच्या खुर्च्यांवर शासनाकडून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी बसतात, तेव्हा ‘आमच्या हक्काची पदं’ म्हणून मूळ सेवेतल्यांचं गाऱ्हाणं सुरू होतं, ते कधीच संपलेलं नाही.

आता आकृतिबंध. शब्द मोठा गोंडस आहे. ऐकून रांगोळी डोळ्यांपुढे येते. अर्थ एवढाच, की कुठल्या खात्यात कुठल्या हुद्द्याची किती पदं, याची मंजूर यादी. कलम ५१ प्रमाणे ही यादी आयुक्त तयार करतात, स्थायी समिती मंजूर करते. मात्र त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय एकही नवं पद निर्माण करता येणार नाही, अशी मेख आहे. नाशिकचा सध्याचा सात हजारांच्या आसपासचा आकृतिबंध नव्वदच्या दशकातला, शासनाच्या वर्गवारीत महापालिका खालच्या ‘क’ वर्गात असतानाचा. १९९१ च्या जनगणनेत शहर साडेसहा लाखांचं होतं, २००१ मध्ये पावणेअकरा लाखांचं, २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांचं. महापालिका ‘ब’ वर्गात गेली, गंगापूर रोडच्या पलीकडचे मळे अपार्टमेंटखाली गेले, पाथर्डी आणि आडगाव शहरात मिसळले, आणि यादी तिथेच राहिली. सुधारित आकृतिबंधाचे प्रस्ताव मंत्रालयात गेले, त्रुटी काढून परत आले, पुन्हा गेले. महापालिकेत थोडी वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, तो आकृतिबंध म्हटल्यावर आधी हसतो.

पण भरती अडली ती एकट्या आकृतिबंधामुळे नव्हे. त्याच्या जोडीला आली ३५ टक्क्यांची अट. सगळी गुंतागुंत इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

अट अशी : आस्थापना खर्च, म्हणजे आपल्या नोकरांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला, तर नवी भरती नाही. दिसायला शहाणपणाची. शंभरातले साठ-सत्तर रुपये पगारालाच गेले तर रस्ते आणि गटारं कशाने करायची? ज्या छोट्या नगरपालिकांत पगार भागवता भागवता पाणीपट्टी संपायची, त्यांच्यासाठी ती योग्यही होती. प्रश्न आहे तो मोजण्याचा. भागाकाराच्या वर काय धरायचं आणि खाली काय?

वर येतो पगार. सातवा वेतन आयोग लागू झाला, महागाई भत्ता वाढला, की एकही माणूस न वाढता टक्का वर जातो. शंभर माणसं निवृत्त झाली की तो खाली येतो. म्हणजे माणसं कमी होतील तेवढी भरती करण्याची पात्रता वाढते, आणि भरती केली की ती पात्रता जाते. खाली येतं उत्पन्न. त्यातला मोठा वाटा पूर्वी जकातीचा होता. २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, ऑगस्ट २०१५ पासून तोही बव्हंशी गेला, आणि २०१७ पासून जीएसटीपोटी राज्याकडून भरपाई येऊ लागली, दर वर्षी आठ टक्के वाढीने. भागाकाराची खालची बाजू अशी बऱ्याच अंशी राज्याच्या हातात आहे, आणि अट घालणारंही राज्यच. उरली घरपट्टी. २०१८ मध्ये मोकळ्या भूखंडांसह करयोग्य मूल्याचे, म्हणजे ज्यावर घरपट्टी बसते त्या मूल्याचे, दर वाढवण्याचा निर्णय झाला तेव्हा शेतकऱ्यांपासून सभागृहापर्यंत सगळे रस्त्यावर आले, आणि तो घेणाऱ्या आयुक्तांची वर्ष संपायच्या आत बदली झाली. त्यानंतर त्या वाटेने जायची हिंमत कोण करणार?

तिसरी बाजू सगळ्यांत महत्त्वाची आणि सभागृहात सगळ्यांत कमी बोलली गेलेली. ठेकेदाराच्या माणसाचं वेतन आस्थापना खर्चात धरलं जात नाही. ते घनकचऱ्याच्या, उद्यानाच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या ठेक्याचं बिल म्हणून जातं. तोच झाडू, तोच रस्ता, तीच पहाट. माणूस महापालिकेच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, असेल तर तो ३५ टक्क्यांत मोडतो, ठेकेदाराच्या मस्टरवर असेल तर मोडत नाही. तिजोरीतून पैसा दोन्ही वेळा बाहेर जातो, दुसऱ्या वेळी त्यात ठेकेदाराचा नफा आणि करही मिसळलेला असतो. काटकसरीचा म्हणून आणलेला नियम असा हिशेबाचं शीर्षक बदलण्याचा नियम झाला. लेखा विभागातले लोक हे खासगीत मान्य करतात.

नाशिकमध्ये याची सवय आधीपासून होती. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाने शहराला तात्पुरत्या माणसांची चटक लावली. २००३ असो वा २०१५, पर्वणीच्या काळात साधुग्राम आणि घाट झाडायला हंगामी कामगार घ्यायचे, पर्वणी संपली की घरी पाठवायचे. घंटागाडीची योजना नव्वदच्या दशकात इथे आली आणि राज्यभर वाखाणली गेली. तिची कल्पना सगळ्यांनी उचलली, पण तिच्यावर चढलेला कामगार कुणाचा, हा वाद ठेकेदार बदलेल तसा नव्याने होत राहिला. पुढे सातशे सफाई कामगार आउटसोर्सिंगने घेण्याचा निर्णय झाला तेव्हा मोठा विरोध झाला. विरोधाचं कारण एकच नव्हतं. संघटनांना मंजूर पदं कायमची जातील ही भीती होती. पिढ्यानपिढ्या हे काम करणाऱ्या वाल्मीकी-मेघवाळ वस्त्यांत मात्र त्याहून जवळचा प्रश्न होता : आमच्या पोरांचं काय?

त्या प्रश्नामागे लाड आणि पागे या समित्या आहेत. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला तर त्याच्या वारसाला नोकरी, ही पद्धत या समित्यांच्या शिफारशींमधून आली. भरती बंद असताना कायम नोकरीत शिरायची जवळजवळ ही एकच वाट, अनुकंपा धरली तर दोन, उघडी राहिली. शासनाने २४ फेब्रुवारी २०२३ ला याबाबतचे सगळे जुने निर्णय एकत्र करून नवा निर्णय काढला; लाभ नेमका कुणाकुणाला, हा वाद त्यानंतर उच्च न्यायालयात गेला. गुणवत्तेच्या भरतीचे पुरस्कर्ते या पद्धतीवर नाक मुरडतात. पण मैला आणि कचरा हाताळायला खुल्या स्पर्धेतून रांग लागली होती, असा काळ नाशिकने पाहिलेला नाही.

कायम होण्याची आणखी एक वाट न्यायालयाची. १९७१ च्या कामगार कायद्यात, कायमपणाचा लाभ नाकारण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा मानली आहे. चौथ्या परिशिष्टातला सहावा मुद्दा हजेरी शेडवरच्या मुकादमालाही पाठ असतो. मग १० एप्रिल २००६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा उमादेवी निकाल आला. भरतीची रीत डावलून लागलेल्यांना कायम करता येणार नाही. फक्त मंजूर पदावर, न्यायालयाच्या आदेशाविना दहा वर्षं काढलेल्यांचा एकदाच विचार व्हावा. २००९ मध्ये एसटीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं, की औद्योगिक न्यायालयाचे अधिकार या निकालाने जात नाहीत. कामगारांच्या वकिलांना हायसं वाटलं. पण गाडी पुन्हा त्याच दोन शब्दांवर अडली : ‘मंजूर पद’. यादी नव्वदच्या दशकातली असेल तर नंतर वाढलेल्या शहरातला रोजंदार कुठल्या पदावर दाखवायचा?

जुलै २०२१ मध्ये शहर बससेवा महापालिकेने स्वतःकडे घेतली, तीही याच चालीने. १९४९ च्या कायद्यात परिवहन उपक्रमाची तरतूद आहे. तो घेतला असता तर चालक-वाहक महापालिकेचे नोकर झाले असते आणि टक्का चढला असता. त्याऐवजी कंपनी स्थापन झाली. बस ठेकेदाराच्या, चालक त्यांचे, वाहक वेगळ्या ठेकेदाराचे. त्यानंतर थकीत वेतनासाठी वाहकांनी अनेकदा काम बंद केलं, आणि दर वेळी निमाणी स्थानकावर उभ्या प्रवाशाने शिव्या दिल्या त्या महापालिकेला. प्रवाशाला कंपनी कायदा कशाला ठाऊक असेल?

करोनाने एक गोष्ट केली. रुग्णालयात परिचारिका आणि डॉक्टर मानधनावर गोळा करताना झालेली धावपळ सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर अग्निशमन आणि आरोग्य-वैद्यकीय या अत्यावश्यक खात्यांतल्या ७०६ पदांपुरती शासनाने वाट मोकळी केली. मग कळलं, की पदं मंजूर होणं ही निम्मीच गोष्ट. सेवाप्रवेश नियम, म्हणजे कुठल्या पदाला कुठली अर्हता, किती पदं सरळसेवेने आणि किती पदोन्नतीने, हे मंजूर नसेल तर जाहिरात निघत नाही. बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणाची याचा तक्ता, तपासून घ्यायला फाइल नाशिकरोडला विभागीय आयुक्तालयात जाते. परीक्षा खासगी कंपनीमार्फत ऑनलाइन घ्यायची तर तिच्याशी करार हवा. आणि या सगळ्यात वर्षं गेली, तर ३५ टक्क्यांच्या अटीतून मिळालेली सवलत तोवर टिकेल याची खात्री नाही.

दरम्यान मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि सभागृह पुन्हा प्रशासकाकडे गेलं, १९८२ सारखंच. आतल्या माणसांचं काय, तर ‘प्रभारी’. एका विभागीय अधिकाऱ्याकडे दोन विभाग, एका कार्यकारी अभियंत्याकडे पाणीपुरवठ्याबरोबर आणखी काही. पदोन्नती समितीची बैठक लांबते. पदोन्नतीतलं आरक्षण २०१७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापासून वादात आहे, आणि ७ मे २०२१ च्या शासननिर्णयाने सगळ्या जागा सेवाज्येष्ठतेने भरायचं ठरल्यावरही आस्थापना विभागातल्या फाइलींवरची टिपणं काही थांबली नाहीत. प्रभार मिळालेल्याला वरच्या पदाचा पगार नसतो, सहीचा अधिकार असतो. काहींना तेच जास्त सोयीचं वाटतं.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. हजेरी शेडवर जुने मुकादम आतापासूनच विचारतात, की या वेळी हंगामी मस्टर महापालिकेचं निघणार की ठेकेदाराचं.