शेतकऱ्यांच्या सहभागातून ॲपनिर्मिती (विदर्भ)

विद्यापीठातले संशोधक-विद्यार्थी आणि गावातले शेतकरी, शेतमजूर यांनी मिळून शेतीचे मोबाइल ॲप घडवण्याची पद्धत. आयते ॲप घेऊन गावात शिबिर भरवणे तिच्यात मोडत नाही. ॲपने कोणत्या अडचणीला हात घालायचा, हे ठरतानाच शेतकरी बैठकीत हवा. पडद्याचा रंग निवडायला त्याला शेवटी बोलावले, तर तो सहभाग नावापुरताच. राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करतो. पण रकाने शासनाने आखलेले असतात, म्हणून तीही या पद्धतीत बसत नाही.

पद्धतीचा उगम कारखान्यातला. 1970 च्या दशकात नॉर्वेत क्रिस्टन निगार्ड यांनी धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात संगणक येणारच, तर तो कसा असावा यात कामगारांचेही म्हणणे असावे, ही त्यामागची भूमिका. विदर्भात अशा कामाला लागणारी माणसे आधीपासून आहेत : अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (1969), नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (1976), जिल्ह्याजिल्ह्यांतली कृषी विज्ञान केंद्रे. शिवाय कार्यानुभवासाठी गावात येणारे कृषिदूत आणि कृषिकन्या, म्हणजे कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी-विद्यार्थिनी. गावाची खरी ओळख बहुधा यांनाच होते, आणि ॲपच्या बैठकीला बहुधा यांनाच कोणी बोलावत नाही.

या पद्धतीची गरज फवारणीत सर्वांत स्पष्ट दिसते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शिफारशीतली मात्रा हेक्टरी किंवा लिटरमागे असते. वावरात मात्र प्रश्न एकच, 'पंपाला किती ढक्कन?' पाठीवरचा साधा पंप आणि पेट्रोलचा पंप यांना एकरी लागणारे पाणी वेगळे, म्हणून पंप बदलला की पंपामागची मात्राही बदलते. ॲपने आधी 'पंप कोणता?' हे विचारावे, हे प्रयोगशाळेत सहज सुचत नाही. फवारणारा पुष्कळदा मजूर असतो, फोन मालकाच्या खिशात असतो. अशा वेळी मजकुरापेक्षा विष किती जहाल हे सांगणारा डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आणि मोठ्याने ऐकू येणारी सूचना उपयोगी पडते.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावतात, एकरी साधारण दोन. सलग 3 दिवस दर सापळ्यात रोज सरासरी 8 पतंग आले की उपाय करायची वेळ झाली, असे समजतात. हा हिशेब ॲप चोख ठेवते, फक्त रोजचा आकडा भरायला दोन बोटांपेक्षा जास्त काम नको.

शब्दांचे गणित वेगळेच. वऱ्हाडात वावर (शेत), पऱ्हाटी (कपाशी), डोमकळी (बोंडअळी लागून न उमललेले कपाशीचे फूल). पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत बांधी (धानाचे शेत) आणि रोवणी (धानाची लावणी). पेरणीची वेळ मृग-आर्द्राच्या हिशेबाने सांगणाऱ्याला 'जूनचा तिसरा आठवडा' परका वाटतो. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्यांच्या दृष्टीने मराठी आवाजसुद्धा दुसऱ्या भाषेतला. बोलीतला एक शब्द मिळायला कधी अख्खी दुपार जाते. तो वेळ प्रकल्पाच्या वेळापत्रकात क्वचितच धरलेला असतो.

बैठकीची वेळ चुकली की माणसेही चुकतात. सकाळी अकराला ग्रामपंचायतीत बोलावले, तर मोकळी असलेली पुरुषमंडळी येतात. निंदण आणि वेचणी करणाऱ्या बाया तेव्हा वावरात असतात. त्यातून महाविद्यालयाचे सत्र आणि खरीप यांची सुरुवात जवळपास एकाच वेळी होते. सत्र संपून विद्यार्थी मोकळा होतो तेव्हा वेचणी सुरू असते आणि शेतकऱ्याला मान वर करायला फुरसत नसते.

पुढे प्रबंध सादर होतो, अनुदान संपते, आणि पुढच्या खरिपात शिफारस बदलली तरी ॲपमध्ये जुनीच मात्रा राहते. फवारणीच्या ॲपमध्ये अशी चूक जिवावर बेतू शकते. म्हणून ते कोण चालू ठेवणार, आणि तसे कोणी उरले नाही तर ते बंद कोण करणार, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावे लागते.